जो अडवू शकतो, त्यालाच विचारा

प्रश्न : आई आणि मी, दोघी पहिल्यांदाच परदेशी निघालो आहोत. अडीच आठवडे, तीन देश. जाताना मध्ये एका ठिकाणी विमान बदलायचं आहे. ती दोन तिकिटं मी वेगवेगळी काढली, कारण तशी स्वस्त पडली. आईच्या पासपोर्टची मुदत आम्ही परत आल्यावर जेमतेम चार महिने उरते. तिला रक्तदाबाची आणि झोपेची गोळी चालू आहे, गुडघेही दुखतात. माहिती शोधायला बसलं की एक साइट एक सांगते, दुसरी दुसरंच. नातेवाइकांच्या ग्रुपवर प्रत्येकाचा अनुभव निराळा. एका साइटवर प्रवेशाचा फॉर्म भरायला पैसे मागितले, ते मी भरलेही; नंतर कळलं की तो फॉर्म फुकट असतो. आता कुठल्याच साइटवर विश्वास ठेवावासा वाटत नाही. नेमकं काय वाचायचं आणि काय सोडून द्यायचं? आणि तिकडे आईची-माझी चुकामूक झाली तर?
— टॅब उघडून बसलेली

ताई,

तुम्हाला माहिती कमी पडलेली नाही. ती गरजेपेक्षा जास्त झाली आहे, आणि त्यातलं कोणाचं म्हणणं कोणाच्या जबाबदारीवर आहे हे कळेनासं झालं आहे. म्हणून साइट सांगण्याआधी एक कसोटी सांगते. कुठलाही प्रश्न पडला की आधी स्वतःला विचारा : हे चुकलं तर मला अडवणार कोण? जो अडवू शकतो, त्याने लिहिलेलं तेवढं नियम म्हणून वाचायचं. बाकीचं ऐकीव, मग ते कितीही ठामपणे लिहिलेलं असो. ‘मला तर कोणी काहीच विचारलं नाही’ असं सांगणारा मावसभाऊ खोटं बोलत नसतो. पण त्याचा पासपोर्ट वेगळा असेल, मार्ग वेगळा असेल, किंवा त्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने नीट पाहिलंच नसेल.

या कसोटीने पाहिलं तर तुम्हाला अडवू शकणारा पहिला माणूस परक्या देशात नाहीच. तो तुमच्या निघण्याच्या विमानतळावर, चेक-इन काउंटरच्या मागे उभा आहे. कागद अपुरे असलेला प्रवासी विमानात बसवला आणि त्याला तिकडून परत पाठवलं, तर बहुतेक देश विमान कंपनीकडून दंड घेतात आणि त्याला परत आणण्याचा भारही तिच्यावरच पडतो. त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती शंका आली तर ‘नाही’ म्हणते. ती जे पडद्यावर बघते, त्या माहितीसंचाचं नाव टिमॅटिक. आयाटा ही विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना तो चालवते. कोणत्या देशाचा पासपोर्ट, कुठून कुठे, मध्ये कुठे थांबा, किती दिवस, यावरून व्हिसा, पासपोर्टची मुदत, आरोग्याचे दाखले, सगळं त्यात निघतं. हीच माहिती आयाटाच्या ‘ट्रॅव्हल सेंटर’ या साइटवर सामान्य माणसालाही बघता येते, आणि बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर ‘प्रवासाची कागदपत्रं’ अशा नावाच्या पानावर तेच शोधयंत्र बसवलेलं असतं. तुमची आणि आईची माहिती वेगवेगळी भरा. तिचा पासपोर्ट वेगळा, तिची मुदत वेगळी, म्हणून तिचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

दुसरा अडवणारा म्हणजे त्या देशाचं इमिग्रेशन. त्यासाठी त्या देशाच्या इमिग्रेशन खात्याची साइट किंवा तुमच्या देशातल्या त्याच्या दूतावासाची साइट, एवढंच. दोन्हीकडे तेच उत्तर आलं तर विषय संपला. फरक आला तर दूतावासाला ईमेल करा आणि आलेलं उत्तर छापून जवळ ठेवा.

आता आईचा पासपोर्ट. ‘सहा महिने लागतातच’ हे तुम्हाला वीस जणांनी सांगितलं असेल, आणि एखाद्याने ‘छे, तीन पुरतात’ असंही. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. सिंगापूर, इंडोनेशिया असे बरेच देश तुम्ही तिथे पोहोचता त्या दिवसापासून सहा महिने मुदत मागतात. एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या शेंगेन गटात तुम्ही तिथून बाहेर पडायच्या दिवसानंतर तीन महिने पुरतात. मात्र पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, अशी दुसरी अट तिथे आहे. ब्रिटनला पासपोर्ट तुमच्या मुक्कामापुरता वैध असला तरी चालतो. म्हणजे चार महिने उरणारा आईचा पासपोर्ट एका देशात चालेल, दुसऱ्यात तिला काउंटरवरूनच परत फिरावं लागेल. तीन देश आणि मधला थांबा, अशा चार ठिकाणांपैकी एकाने जरी सहा महिने मागितले तरी अडलं. वेळ हातात असेल तर नूतनीकरण करून टाका, असंच मी सांगेन. क्रम मात्र चुकवू नका : आधी पासपोर्ट, मग व्हिसा. ऑनलाइन परवाने पासपोर्टच्या क्रमांकाला जोडलेले असतात. नवा पासपोर्ट आला की जुन्या क्रमांकावर काढलेली अमेरिकेची ईएसटीए किंवा ब्रिटनचं ईटीए उपयोगाचं राहत नाही, पुन्हा काढावं लागतं. तिकिटावरचा क्रमांकही विमान कंपनीकडे बदलून घ्या. आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का, ते आजच पाहा. एखादं अक्षर आत्ता फोनवर दुरुस्त होऊ शकतं, निघायच्या दिवशी काउंटरवर ते जड जातं.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ती दोन वेगळी तिकिटं. तुम्ही ती जाता जाता लिहिलीत. मी तिथे जरा थांबणार आहे.

एकाच तिकिटावर दोन विमानं असली तर साधारणपणे सामान परस्पर पुढे जातं, आणि पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम असतं. वेगळ्या तिकिटांवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या लेखी तुम्ही फक्त न आलेल्या प्रवासी असता. त्याच तिकिटावर परतीचा प्रवासही असेल, तर तोही बहुतेक वेळा रद्द होतो. पैशांइतकाच कागदांचाही प्रश्न आहे. पहिल्या विमानातलं सामान मधल्या देशात पट्ट्यावर येणार. ते घ्यायला इमिग्रेशन ओलांडून आत जावं लागणार. म्हणजे तुम्ही ‘फक्त विमान बदलतोय’ असं कितीही म्हटलंत, तरी त्या देशाच्या लेखी तुम्ही त्यात प्रवेश करताय, आणि त्याला व्हिसा लागत असेल तर तो हवाच. शेंगेनचा ‘एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा’ इथे पुरत नाही, कारण तो विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय भागातच थांबण्यापुरता असतो. अमेरिकेत तर एकाच तिकिटावर आलेल्या, सामान परस्पर पुढे जाणाऱ्या प्रवाशालाही इमिग्रेशनमधून जावंच लागतं. ट्रान्झिटसाठीही व्हिसा किंवा ईएसटीए हवीच.

तेव्हा टिमॅटिकमध्ये मधला देश ‘ट्रान्झिट’ म्हणून भरून पाहा, आणि ‘अंतिम ठिकाण’ म्हणूनही भरून पाहा. तुमच्यासाठी खरं उत्तर या दुसऱ्या शोधाचं. पहिल्या कंपनीला लेखी विचारा, की सामान दुसऱ्या तिकिटावरच्या शेवटच्या ठिकाणापर्यंत लावून देता का. काही कंपन्या देतात, बऱ्याच देत नाहीत. दोन्ही तिकिटांवरची विमानतळाची तीन अक्षरं जुळवून बघा. लंडन म्हटलं तरी एलएचआर म्हणजे हीथ्रो आणि एलजीडब्ल्यू म्हणजे गॅटविक. इस्तंबूल आणि टोकियो इथेही असंच, एका शहराला दोन मोठे विमानतळ. दोन विमानांत किती अंतर आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. तीन-चार तास असेल तर मला ते अपुरं वाटतं. मधला थांबा शेंगेनमध्ये असेल तर आणखीच : १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे ईईएस ही नवी नोंदणी टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे. युरोपीय संघाबाहेरच्या, थोड्या मुक्कामासाठी येणाऱ्या प्रवाशांचे पहिल्या प्रवेशाला फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, आणि रांग लांबते. बदलाचं शुल्क परवडत असेल तर मध्ये एक रात्र काढा. आईच्या गुडघ्यांनाही ते बरं. नाहीतर हिशेब नव्याने मांडा : स्वस्त तिकिटाने वाचलेले पैसे एका बाजूला, मधल्या देशाचा व्हिसा, सामानाचं दुसऱ्यांदा शुल्क आणि विमान चुकण्याची धास्ती दुसऱ्या बाजूला. बरेचदा एकच तिकीट काढणं स्वस्त निघतं.

फॉर्मचे पैसे भरलेत, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. या साइट अगदी सरकारी दिसतील अशाच बनवलेल्या असतात आणि शोधयंत्राला जाहिरातीचे पैसे देऊन वर बसलेल्या असतात. सिंगापूरचं ‘एसजी अरायव्हल कार्ड’ फुकट आहे. १ मे २०२५ पासून थायलंडने सुरू केलेलं डिजिटल अरायव्हल कार्डही फुकट आहे. दोन्ही पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांतच भरायची असतात; त्याच्या कितीतरी आधी ‘आत्ताच भरून घ्या’ म्हणणारी साइट मध्यस्थाची, हे त्यावरूनच ओळखावं. युरोपच्या ईटीआयएएस या परवान्याची तर मूळ योजना सुरू होण्याच्या आधीच ती विकणाऱ्या नकली साइट निघाल्या, आणि युरोपीय संघाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

ओळखायचं कसं? पत्त्याच्या पट्टीत पहिल्या एकेरी तिरक्या रेषेच्या (/) आधी जे शेवटी येतं, ते बघायचं. अमेरिकेच्या सरकारी साइट ‘डॉट जीओव्ही’ने संपतात, ब्रिटनच्या ‘जीओव्ही डॉट यूके’ने, सिंगापूरच्या ‘जीओव्ही डॉट एसजी’ने, जपानच्या ‘जीओ डॉट जेपी’ने, थायलंडच्या ‘जीओ डॉट टीएच’ने. ही शेपटं कोणालाही विकत घेता येत नाहीत. नावात आधी ‘व्हिसा’, ‘ऑफिशियल’, ‘गव्ह’ वगैरे शब्द असले आणि शेवटी साधं ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट ऑर्ग’ असलं, तर सावध. प्रत्येक देशाचं शेपूट असं ठरलेलं नसतं, म्हणून शोधयंत्रातून जाऊच नका. दूतावासाच्या किंवा इमिग्रेशन खात्याच्या पानावरून फॉर्मच्या दुव्यावर जा.

तुमच्यापुरतं आता एवढं करा. अधिकृत साइटवर जाऊन तुमचा अर्ज खरंच पोहोचला आहे का ते तपासा. नसेल तर वेळ आल्यावर स्वतः भरा. बँकेला कळवून त्या व्यवहाराबद्दल तक्रार करा. पैसे परत मिळतीलच असं नाही, पण विचारायला हरकत नाही. आणि ते कार्ड बदलून घ्या, कारण त्या साइटकडे तुमचा पासपोर्ट आणि कार्ड दोन्हींचे तपशील गेले आहेत. पुढे ‘तुमचं बुकिंग रद्द होणार आहे, कार्ड पुन्हा पडताळा’ असा हॉटेलच्या नावाने संदेश आला, तर त्यातल्या दुव्याला हात लावू नका. आपण जिथून बुकिंग केलं, त्या ॲपमध्ये स्वतः जाऊन बघायचं.

औषधांचं ऐका, कारण इथे अडवणारा तिसरा आहे : कस्टम्स. रक्तदाबाच्या गोळीची सहसा अडचण येत नाही. झोपेच्या गोळीची येऊ शकते. झोपेची, चिंतेची, तीव्र वेदनेची बरीच औषधं अनेक देशांत नियंत्रित यादीत असतात. एका ठिकाणी चिठ्ठीवर सहज मिळणारी गोळी दुसरीकडे आगाऊ परवानगीशिवाय नेता येत नाही. जपानमध्ये अँफेटामाइन असलेली औषधं डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत, आणि स्यूडोएफेड्रिनचं प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची औषधंही चालत नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधांसाठी सरकारी परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. आंतरराष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण मंडळ, म्हणजे आयएनसीबी, हे संयुक्त राष्ट्रांच्या करारांखालचं मंडळ आहे. औषधं बरोबर नेणाऱ्या प्रवाशांसाठी देशोदेशींचे नियम त्याच्या साइटवर मिळतात. तिथून सुरुवात करा, मग त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या पानावर खात्री करा. मधला देशही यात धरा, कारण तिथे तुम्ही सामानासकट आत जाणार आहात.

गोळ्या मूळ पाकिटात, हातातल्या सामानात, काही दिवस जास्तीच्या. बरोबर डॉक्टरचं पत्र : रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे तसं, आजार, औषधाचं मूळ रासायनिक नाव, मात्रा. कंपनीचं नाव परदेशातल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. आठवड्याच्या खणांच्या डबीत गोळ्या काढून नेण्याची सवय असेल, तर प्रवासापुरती ती बंद.

लसींसाठी जागतिक आरोग्य संघटनेची देशवार यादी बघा. वाचायला सोपी म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची आणि ब्रिटनची ट्रॅव्हलहेल्थप्रो ही साइटही चांगली. पीतज्वराचा दाखला मागणारे देश तुम्ही कुठून येताय ते बघतात. त्या रोगाचा धोका असलेल्या देशाच्या विमानतळावर बारा तासांहून जास्त थांबलात, तर तेवढ्यावरूनही काही देश दाखला मागतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो. जुलै २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, त्यामुळे ‘दर दहा वर्षांनी घ्यावी लागते’ असं कोणी सांगितलं तर ती जुनी माहिती.

मग ब्लॉग, व्हिडिओ, नातेवाइकांचा ग्रुप हे सगळं फेकून द्यायचं का? मुळीच नाही. नियम सोडून बाकीच्या बाबतीत तेच कामाचे. कुठल्या स्टेशनला सरकते जिने नाहीत, कुठल्या वाड्यात दोनशे पायऱ्या चढाव्या लागतात, सकाळी रांग किती असते, हे कुठलंही सरकार लिहीत नाही. फक्त तारीख पाहून वाचा. विकिव्हॉयेज हा विकिपीडियाच्याच संस्थेचा प्रवासकोश मला आवडतो, कारण त्यात कोणी तुम्हाला काही विकत नाही. किविक्स या ॲपमध्ये तो उतरवून घेतला की इंटरनेट नसतानाही वाचता येतो. रेल्वेसाठी ‘सीट सिक्स्टीवन’ ही साइट बघा. रेल्वेत नोकरी केलेल्या मार्क स्मिथ यांनी ती २००१ साली सुरू केली. कुठल्या देशात तिकीट कुठून काढावं, गाडी आतून कशी असते, हे तिच्याइतकं नीट मी दुसरीकडे वाचलेलं नाही. रोम-टू-रिओ ही साइट ‘इथून तिथे जायला काय काय आहे’ हे कळण्यापुरतं उत्तम. वेळा आणि भाडी मात्र त्या बसच्या किंवा रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर बघा.

एआयला विचारून बघितलंच असेल. त्याच्याकडून प्रश्नांची यादी करून घ्या, उत्तरं घेऊ नका. व्हिसाचे नियम बदलत राहतात आणि ते यंत्र जुना नियमही तितक्याच गोड आणि ठाम भाषेत सांगतं.

पैशांचं थोडक्यात. वेगवेगळ्या नेटवर्कची दोन बँक कार्डं, म्हणजे एक ‘व्हिसा’चं असेल तर दुसरं ‘मास्टरकार्ड’चं, वेगवेगळ्या बॅगांत. दुकानात किंवा एटीएमवर ‘तुमच्या देशाच्या चलनात रक्कम घेऊ का?’ असं यंत्राने विचारलं, तर प्रत्येक वेळी नाही म्हणा आणि तिथलं स्थानिक चलन निवडा. आपल्या चलनातला आकडा ओळखीचा वाटतो, पण तो दर त्या यंत्रामागच्या कंपनीचा असतो आणि सहसा महाग पडतो. खरा बाजारभाव एक्सई किंवा ओआंडा या चलनदराच्या साइटवर दिसतो. निघण्याआधी दोन्ही कार्डांवर आंतरराष्ट्रीय वापर चालू आहे का ते पाहा.

कार्डाचं खरं दुखणं ओटीपी. प्रवासात स्वस्त इंटरनेटसाठी लोक ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच उतरवायचं सिम घेतात. चांगलीच सोय आहे. फोन ई-सिम घेणारा आणि एकाच मोबाइल कंपनीला बांधलेला (लॉक) नसलेला हवा, आणि ते घरच्या वाय-फायवरच बसवून घ्यावं. पण तशी बरीच सिम फक्त डेटाची असतात, त्यांना स्वतःचा नंबर नसतो. बँकेचा ओटीपी तुमच्या नेहमीच्या नंबरवर येणार. म्हणून जुनं सिम फोनमध्येच राहू द्या, त्यावर रोमिंग सुरू करून घ्या, आणि त्याच सिमचं डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवा. परदेशात एसएमएस आल्याचे पैसे लागतात का, हे तुमच्या मोबाइल कंपनीच्या साइटवर बघा. हे न करता निघालेले लोक तिकडे कार्ड हातात धरून बसतात.

नकाशे आधी उतरवून घ्या. गूगल मॅप्स तर आहेच, पण पायवाटा आणि जिने ऑरगॅनिक मॅप्स किंवा ऑसमँडमध्ये जास्त बारकाईने सापडतात. दोन्ही ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर चालतात आणि इंटरनेटशिवाय वापरता येतात. सगळीकडे एकच ॲप चालेल असं धरू नका. दक्षिण कोरियात लोक नेव्हर मॅप आणि काकाओमॅप वापरतात. चीनमध्ये तिथल्या इंटरनेटवरून गूगल आणि व्हॉट्सॲप उघडत नाहीत आणि पैशांचे व्यवहार अलीपे किंवा वीचॅटवर चालतात. परदेशी कार्ड त्यांना घरूनच जोडून ठेवता येतं. गूगल ट्रान्सलेटमध्ये त्या देशाची भाषा उतरवून ठेवा. कॅमेरा पाटीवर धरला की अर्थ लागतो. औषधाच्या वेष्टनावर मात्र त्याच्या भरवशावर राहू नका.

सामानाबद्दल दोनच गोष्टी. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातच हवी. मर्यादा शंभर वॉट-तास. वीस हजार एमएएचची नेहमीची पॉवर बँक सुमारे चौऱ्याहत्तर वॉट-तास भरते, म्हणजे चालते. विमानात ती वापरू द्यायची की नाही, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. दुसरं, द्रवाची शंभर मिलिलिटरची मर्यादा काही विमानतळांनी नवे स्कॅनर आल्यावर सैल केली आहे, पण तुम्ही विमान बदलाल तिथे ती असू शकते. निघताना पार झालेली बाटली मध्ये काढून घेतात, ती यामुळेच. प्लगचा आकार वर्ल्ड स्टँडर्ड्स या साइटवर देशवार पाहायला मिळतो. चार्जरवर ‘इनपुट १००-२४०’ छापलेलं असेल तर नुसता ॲडाप्टर पुरतो.

सामान आलंच नाही, तर विमानतळ सोडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार मोडक्या सामानाची लेखी तक्रार सात दिवसांत आणि उशिरा मिळालेल्या सामानाची ते हाती आल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. नेसत्या वस्त्रानिशी हॉटेलवर पोहोचलात तर गरजेपुरत्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवा. विमान उशिरा आलं आणि ते युरोपीय संघातल्या विमानतळावरून निघालेलं असेल, किंवा तिथल्या कंपनीचं असून तिकडे जात असेल, तर तीन तासांहून जास्त उशिराला आजच्या नियमानुसार २५० ते ६०० युरो मागता येतात. वादळासारखं कंपनीच्या हाताबाहेरचं कारण असेल तर नाही. अर्ज कंपनीच्याच साइटवर करा. मध्यस्थ त्यातला मोठा वाटा घेतात. तुमची तिकिटं वेगळी असल्यामुळे दुसरं विमान चुकल्याचं काही यात बसत नाही, हे पुन्हा सांगते.

विमा काढताना आईचा रक्तदाब आणि गुडघे, दोन्ही लिहा. लपवलेल्या जुन्या आजाराचं कारण काढून दावे फेटाळले जातात. वेगळ्या तिकिटांवरचं विमान चुकणं त्यात धरलं आहे का, हे विमा कंपनीला नेमक्या याच शब्दांत विचारा. आणि तुमच्या सरकारने ‘जाऊ नका’ म्हटलेल्या भागात काही घडलं, तर बऱ्याच पॉलिसी लागू होत नाहीत, म्हणून आपल्या परराष्ट्र खात्याचा प्रवास सल्ला वाचा. जोडीला ब्रिटनचा सरकारी प्रवास सल्ला किंवा ऑस्ट्रेलियाची ‘स्मार्टट्रॅव्हलर’ ही सरकारी साइटही वाचावी, तिथले कायदे, ठगांच्या रीती, कुठला भाग टाळावा, हे ते छान लिहितात. त्यातला व्हिसाचा भाग मात्र त्यांच्या नागरिकांसाठी असतो, तो ओलांडून पुढे जा. तुमचं परराष्ट्र खातं प्रवाशांची ऑनलाइन नोंदणी करत असेल तर दोघींची करा.

राहिली चुकामूक. मेट्रोत एक जण चढली आणि दार बंद झालं, तर काय करायचं ते आत्ताच ठरवा : मागे राहिली तिने फलाटावरच थांबायचं, पुढे गेली तिने पुढच्या स्टेशनला उतरून परत यायचं. दोघींनी शोधायला निघायचं नाही. आईच्या पर्समध्ये एक जाड कागद असू द्या. त्यावर हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत, तुमचा फोन नंबर देशाच्या कोडसकट, तिच्या औषधांची मूळ नावं, ॲलर्जी, विम्याचा क्रमांक आणि त्यांचा चोवीस तासांचा फोन. देश बदलला की कागद बदलायचा. युरोपीय संघात मदतीसाठी ११२ हा नंबर कुठूनही लागतो. बाकी देशांचे नंबर त्याच कागदावर लिहा.

विमानतळावर तिच्यासाठी व्हीलचेअर मागा. संकोच करू नका, लांबच लांब चालणं वाचतं. दोन्ही कंपन्यांना वेगवेगळं कळवा आणि निघण्याच्या अठ्ठेचाळीस तास आधी कळवा. आणखी एक : व्हीलचेअर ढकलणारा कर्मचारी बरेचदा तिला वेगळ्या रांगेतून नेतो आणि तुम्ही दुसरीकडे राहता. त्यामुळे तिचा पासपोर्ट, बोर्डिंग पास, औषधं आणि डॉक्टरचं पत्र तुमच्या बॅगेत ठेवू नका, तिच्याच पर्समध्ये ठेवा. इमिग्रेशनवर तिला एकटीला विचारलं, तर किती दिवस, कुठे मुक्काम आणि परतीचं विमान कधी, एवढं सांगता आलं की झालं.